लाल गोळा, शेवंड आणि खेळण्यातली बंदूक

प्रश्न : पन्नासच्या दशकातले कमी खर्चाचे, तरुण पोरांचे अमेरिकी विज्ञानपट आवडतात, पण कुणाला सांगायला संकोच वाटतो. ‘द ब्लॉब’मधला अवकाशातून आलेला, माणसं गिळणारा गोळा इमारतीवर कसा चढवला असेल?

उत्तर : संकोच कशाला? १९५८च्या या चित्रपटाचा जीव त्या गोळ्यातच आहे. तो लाल रंग कालवलेल्या सिलिकॉनचा. रेस्टॉरंट गिळतानाच्या दृश्यात खरी इमारत नाहीच, तिचं छायाचित्र आहे. ते टेबलावर पक्कं बसवलं, कॅमेराही त्याच टेबलाला जोडला आणि वर सिलिकॉन ठेवलं. टेबल कललं की ते घरंगळून उतरतं. फिल्म उलटी चालवली की चढताना दिसतं. कॅमेरा टेबलाबरोबरच कलतो, म्हणून इमारत हलत नाही. तो वेगळ्या तिकाटण्यावर असता तर युक्ती लगेच उघडी पडली असती. किती साधं आणि किती हुशारीचं!

कथेचा गाभाही पक्का आहे : पोरं धोका ओळखतात, मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत. पोरगा झालेला स्टीव्ह मॅक्वीन तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा होता, तरी त्याची तळमळ पटते.

पुढे १९५९चा ‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’ पाहा. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं टॉम ग्रेफचं. किरणांची बंदूक दुकानातलं खेळणं, राक्षस म्हणजे शेवंड (लॉब्स्टर). बंदुकीने मेलेल्यांचे सांगाडे नीट बघा, तोच एक सांगाडा पुन्हा पुन्हा येतो.