कोटेशनमध्ये नसलेला दर

“मॅडम, केसांवर एवढा खर्च करू का?” लग्नाच्या वयातली इतकी मुलं हा प्रश्न घेऊन येतात की खिशातून घडी घातलेला कागद निघाला की मी ओळखते, हे हेअर ट्रान्सप्लांटचं कोटेशन. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

वय 28, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो तासभर बसला, पण टोपी काही काढली नाही. कागदावर हिशोब होता: 2,800 ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे छोटे पुंजके), प्रत्येकी 45 रुपये, म्हणजे 1,26,000. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 1,48,680. खाली पेनाने लिहिलेलं, ‘शनिवारपर्यंत बुकिंग केल्यास पीआरपी मोफत’. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग टाळूत टोचणं.

“आईची एफडी मोडू की ईएमआय घेऊ, एवढंच ठरत नाहीये.”

“मिळणार काय?”

“केस. मग बायोडेटाला बरा फोटो. मग होकार.”

“होकाराचा दर यात कुठे लावलाय?”

तो हसला नाही. मीच घाई केली होती.

पुढच्या भेटीत विचारलं, केसांवरून नकार किती आले? “पाच स्थळं गेली,” तो म्हणाला. मी सांगितलं, प्रत्येक ठिकाणी नेमकं काय झालं ते लिहून आण. त्याने ते ऐरोलीहून येताना लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहिलं होतं, अक्षर पार हललेलं. दोन ठिकाणी पत्रिका जुळली नव्हती. एका मुलीला पुणं सोडायचं नव्हतं. चौथ्या आणि पाचव्या आकड्यापुढे काहीच नव्हतं.

“इथे काय झालं?”

तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. अशा वेळी गप्प बसणं मला उमेदीच्या वर्षांत जमायचं नाही, आता जमतं.

“तिथे मी गेलोच नाही. भेट ठरली होती, सकाळी आरशात बघितलं आणि मेसेज टाकला, तब्येत बरी नाही.”

“मग केसांवरून नकार किती?”

“दोन.” थोडं थांबून म्हणाला, “दोन्ही मीच दिलेले.”

मी विवेकनिष्ठ पठडीतली समुपदेशक, म्हणजे इच्छेचा हट्ट कुठे होतो ते तपासणारी, त्यामुळे माझे कान नेहमी ‘च’ शोधत असतात. ‘केस असावेत’ ही इच्छा आहे, तिच्यासाठी माणूस पैसे मोजू शकतो, घासाघीसही करू शकतो. ‘केस असलेच पाहिजेत’ म्हटलं की शनिवारची मुदत खरी वाटायला लागते आणि आईची एफडी स्वस्त. दोन्ही वाक्यं मी त्याला मोठ्याने म्हणायला लावली. दुसरं म्हणताना त्याचा आवाज चढला, ते त्याच्याच लक्षात आलं.

ट्रान्सप्लांट करू नका, असं मी कुणालाच सांगत नाही. पण आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून केस का जातात ते कळू द्या. आनुवंशिक टक्कल असेल तर मागच्या बाजूचे, टिकाऊ केस पुढे लावतात. मधले मूळचे केस मात्र गळत राहू शकतात. म्हणून औषधं पुढेही चालू ठेवावी लागतात आणि तो खर्च कोटेशनमध्ये क्वचितच असतो. मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध थांबवलं की त्याचा फायदाही ओसरतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, नवे यायला तीन-चार महिने, पूर्ण रूप दिसायला साधारण वर्ष. मुहूर्त दोन महिन्यांवर असताना धावत जाणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. सौंदर्यासाठीच्या उपचाराचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही. ही शस्त्रक्रिया आहे, तेव्हा ती प्रत्यक्ष कोणता डॉक्टर करणार, हे विचारायला लाजू नका. विशीत तर जास्तच थांबा, कारण टक्कल कुठवर जाणार ते अजून ठरलेलं नसतं आणि मागचा साठा मोजका असतो.

त्याने शनिवार जाऊ दिला. त्वचारोगतज्ज्ञाने औषधं सुरू केली, वर्षभराने पुन्हा बघू म्हणाले. एफडी जागेवर आहे. चौथ्या नंबरच्या मुलीला त्याने स्वतःहून फोन केला. तिचं लग्न ठरलं होतं. तेही त्याने मला हसत सांगितलं.

शेवटच्या भेटीत बायोडेटाचा नवा फोटो दाखवला. टोपी नव्हती. कॅमेरा मात्र जरा खालून धरलेला. मी काही बोलले नाही.