अर्धी तोडलेली गोळी

"ह्यांच्या गोळ्या मीच अर्ध्या करून देते. ह्या औषधाने मेंदू पोखरला जातो म्हणे." काकूंनी पर्समधून डबी काढून उघडली. आत लेव्होडोपाचे, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाचे, वेडेवाकडे तुकडे. काकांच्या पार्किन्सनला सहा वर्षं झालेली. पूर्वी एक गोळी पाच तास पुरायची, आता अडीच तासांतच अंग आखडतं. म्हणजे औषधानेच घात केला, हा काकूंचा हिशेब.

हिशेब उलटा आहे. डोपामिन म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन; लेव्होडोपापासून मेंदूत तेच बनतं. ते बनवणाऱ्या पेशी आजारामुळेच घटत जातात. सुरुवातीला उरलेल्या पेशी गोळीतून मिळालेलं डोपामिन साठवतात आणि पुरवून पुरवून वापरतात. पुढे साठवायला जागाच उरत नाही, मग रक्तातलं औषध उतरलं की माणूसही उतरतो. मान डोलणं, हातपाय आपोआप वळवळणं यात मात्र औषधाचा हात असतोच, पण डोस आणि वेळा बदलून ते आटोक्यात आणता येतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना लेव्होडोपा लगेच दिली, काहींना 40 आठवडे उशिरा. 80 व्या आठवड्याला दोन्ही गटांच्या लक्षणांत फरक दिसला नाही, म्हणजे औषध आधी घेतल्याने आजार बळावलेला दिसला नाही.

उठता उठता काकू म्हणाल्या, "रात्रभर मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळतात हो. जन्मात कधी पत्त्याला हात लावला नव्हता."

खरी काळजी ही. काका प्रामिपेक्सोलही घेत होते, म्हणजे डोपामिनची नक्कल करणारं पार्किन्सनचं दुसरं औषध. त्या गटातल्या औषधांनी काहींना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा आवरत नाही. घरचे स्वभाव बिघडला म्हणतात आणि लाजेपोटी डॉक्टरांपाशी बोलत नाहीत. डोस कमी केल्यावर बहुतेकदा हे उतरतं, पण तो डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने कमी करायचा. एकदम तोडलं तर घाबरेपणा, नैराश्य येऊ शकतं. लेव्होडोपा अचानक बंद केली तर ताठरपणा आणि तीव्र ताप येऊन जिवावरही बेततं.

काकूंना तीन दिवसांची वही दिली. दर अर्ध्या तासाला एक शब्द: मोकळे, आखडले किंवा वळवळ. शेजारी गोळीची आणि जेवणाची वेळ. वही भरून आली तेव्हा दुपारची गोळी रोज जेवणासोबत जात असल्याचं दिसलं. प्रथिनांमुळे तिचं शोषण अडतं. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, मळमळ होत नसेल तर.

वही आणि मोबाईलवरचे पैशांचे व्यवहार, दोन्ही न्यूरोलॉजिस्टना दाखवायचं ठरलं. डबीसुद्धा न्यायला सांगितली. नाहीतर काका पूर्ण गोळी घेतात असं समजून डॉक्टर डोस वाढवत बसले असते.