हाताने रंगवलेल्या पाटीचा दर कसा ठरवावा? गिऱ्हाईक फ्लेक्सच्या भावात मागतात

चौरस फुटाच्या दराने फ्लेक्सशी भिडू नका, हरणारच. मशीनला ‘राम’ आणि ‘श्रीकृष्ण वस्त्रभांडार’ सारखंच. आपली मात्र त्या जोडाक्षरांत अख्खी दुपार जाते.

मी सामान, मजुरी आणि डिझाइन असं वेगवेगळं लिहून देतो. समजा ६ बाय ३ फुटांची पत्र्याची पाटी: पत्रा, प्रायमर, एनॅमल मिळून २,५००, तीन दिवसांचे १,२०० प्रमाणे ३,६००, डिझाइन १,५००. झाले ७,६००. (आकडे नमुन्याचे, आपल्या गावाप्रमाणे बदला.) उंचावर काम असेल तर परांचीचं भाडं वेगळं. डिझाइनचे पैसे मागायला सुरुवातीला जीभ अडखळते. माझं एक स्केच गिऱ्हाइकाने मोबाइलवर फोटो काढून नेलं आणि थेट फ्लेक्सवर छापलं! तेव्हापासून निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

घासाघीस झाली तर दर पाडू नका, काम कमी करा: अक्षरांची सावली गाळा, रंग दोनच ठेवा.

जाहिरातीचं म्हणाल, तर तयार पाटीपेक्षा शिरोरेखा ओढतानाचा व्हिडिओ जास्त चालतो. पाटीच्या कोपऱ्यात नाव आणि नंबर लिहायचाच, जुने पेंटर लिहायचे तसा. आणि दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. बाजारपेठेत एक चक्कर मारा, कुठे मराठी बारीक दिसतंय ते बघा आणि तिथेच काम विचारा.