वाचकांचे प्रश्न : जुन्या टेनेमेंटमधले नवे घर

प्रश्न : मुलीला न्यूयॉर्कमध्ये नोकरी लागली आहे. लोअर ईस्ट साइडमध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटजवळच्या जुन्या पाचमजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचे, नव्याने दुरुस्त केलेले घर तिला आवडले आहे. फोटोत सगळे चकचकीत दिसते. प्रत्यक्ष पाहताना काय तपासावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जर्मन, आयरिश, पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन, पुढे पोर्तो रिकन आणि चिनी कुटुंबांनी एकामागून एक या वस्तीत संसार थाटले. इथल्या अनेक भाडेकरू कुटुंबांच्या इमारती, म्हणजे टेनेमेंट, २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल प्लॉटवर उभ्या राहिल्या. त्यामुळे उजेड पुढच्या आणि मागच्या खोलीला, मधल्या खोल्या अंधाऱ्या. १८७९च्या कायद्यानंतर मध्ये हवेसाठी अरुंद शाफ्ट आले. प्रत्येक घरात संडास हवाच, हा नियम १९०१च्या कायद्याने नव्या इमारतींना लागू झाला. ऑर्चर्ड स्ट्रीटवरच ९७ क्रमांकाच्या, १८६३ सालच्या इमारतीत टेनेमेंट म्युझियम आहे. मुलीने ते आधी पाहावे. दुरुस्तीत काय पाडले आणि काय जोडले, ते मग नजरेला कळते.

घरात शिरल्यावर आधी न्हाणीघर पाहावे. ते मागाहून बसवलेले असते आणि पुष्कळदा जुन्या उभ्या पाइपापासून लांब. आडव्या पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. तो नसेल तर पाणी तुंबते. शॉवर आणि बेसिनचा नळ पाच मिनिटे एकत्र सोडून मग फ्लश ओढावा. टबच्या जाळीतून गुडगुड आवाज आला तर पाइपाला हवा नीट मिळत नाही, असे समजावे.

मग रेडिएटर. याकडे पाहणाऱ्यांचे हमखास दुर्लक्ष होते आणि हिवाळाभर त्रास होतो. अशा इमारतींत बहुधा वाफेची एका पाइपाची हीटिंग असते : त्याच पाइपातून वाफ वर येते आणि थंड झालेले पाणी खाली परतते. म्हणून रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा. नवी लाकडी जमीन घालताना हा उतार बिघडतो, पाणी आत साचते, वाफ त्यावर आदळते आणि पहाटे हातोडा मारल्यासारखे आवाज सुरू होतात. रेडिएटरवर पाणसळ ठेवली की लगेच कळते, फोनमधलीही चालेल. उपाय सोपा आहे, व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाच्या पायांखाली पातळ पाचर. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा ठेवावा किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की पाणी अडते आणि गळते.

१ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर घरात किमान ६८, आणि रात्री बाहेर कितीही असो, ६२ अंश ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. तेवढी ऊब नसेल तर थर्मामीटरचे आकडे वेळेसह लिहून शहराच्या ३११ या क्रमांकावर तक्रार करावी.

शेगडी पेटवून पाहावी. गळतीमुळे गॅस एकदा बंद झाला, तर तपासणी होऊन तो पुन्हा सुरू व्हायला कित्येकदा महिने जातात. फ्यूजपेटीत किती सर्किट आहेत तेही मोजावे. एसी आणि स्वयंपाकघर एकाच सर्किटवर असेल तर उन्हाळ्यात ब्रेकर पडत राहील. शहराच्या गृहनिर्माण विभागाच्या, म्हणजे एचपीडीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की इमारतीवरच्या त्रुटी दिसतात. ‘सी’ वर्गातल्या त्रुटी सर्वांत धोक्याच्या.

प्रश्न : न्यूयॉर्कमधल्या अशाच एका घराचे भाडे महिना ३५०० डॉलर सांगतात. आम्ही इथून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ दिले तर काम सोपे होईल का? हे घर रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी नियंत्रण असलेले, आहे की नाही, कसे कळेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आगाऊ रक्कम देऊ नका. २०१९च्या कायद्यानुसार घरमालकाला डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि अर्जाची फी २० डॉलरच्या वर नाही. ११ जून २०२५पासून, ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची. उत्पन्न मात्र बहुतेक ठिकाणी भाड्याच्या ४० पट मागतात, म्हणजे इथे वर्षाला १,४०,००० डॉलर. तेवढे नसेल तर हमी देणाऱ्या कंपनीची फी भरून काम होते.

सहा किंवा अधिक घरांची, १९७४पूर्वीची इमारत असेल तर रेंट स्टॅबिलायझेशनचा प्रश्न जरूर विचारावा. २०१९पूर्वी लहान इमारतीत दुरुस्तीच्या खर्चाचा चाळिसावा भाग मासिक भाड्यात कायमचा चढवता येई. ४०,००० डॉलर खर्च दाखवला की भाडे १,००० डॉलरने वाढे, आणि भाड्याने ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर रिकामे झालेले घर नियंत्रणातून सुटे. म्हणूनच या वस्तीत सुटलेल्या घरांची दुरुस्ती पारखून पाहावी लागते. राहायला गेल्यावर भाडेकरूने राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून घराच्या भाड्याचा इतिहास मागवावा. तो मोफत मिळतो. नोंदी मध्येच थांबल्या किंवा भाडे एकदम उडी मारून वर गेले असेल, तर भाडेकरू संघटनेकडे किंवा वकिलाकडे जावे. घर नियंत्रणात असेल तर वार्षिक वाढ शहराचे मंडळ ठरवते आणि करार नव्याने करून मिळण्याचा हक्क असतो.

प्रश्न : दोन वर्षांचा नातू न्यूयॉर्कमधल्या अशाच जुन्या घरात राहील. जुन्या रंगातल्या शिशाची भीती खरी आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरी आहे. न्यूयॉर्क शहरात घरांसाठी शिशाच्या रंगावर १९६०मध्ये बंदी आली. त्याआधीच्या इमारतीत, सहा वर्षांखालचे मूल राहत असेल तर रंगात शिसे आहे असे कायदा धरून चालतो. वरून नवा रंग दिसला तरी खिडकीची चौकट घासली जाते तिथे खालचा थर धुळीच्या रूपात सुटतो, आणि मूल ती हाताला लागून तोंडात घेते. रंगातले शिसे क्ष-किरणांनी मोजणाऱ्या एक्सआरएफ तपासणीचा अहवाल मागावा. खिडक्यांच्या कडा कोरड्या न झाडता ओल्या फडक्याने पुसाव्यात. राज्याच्या नियमाने मुलाची रक्ततपासणी वयाच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी होते. नातवाची राहिली असेल तर गेल्यागेल्या करून घ्यावी. मूल पडू नये म्हणून खिडक्यांना संरक्षक जाळ्या बसवून देणे हेही घरमालकाचेच काम, ते आधी लेखी मागावे.