थारला ३३ इंची टायर: पिग्मी मोडण्याआधी हे आकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा. वाचक खानापुरात राहतात आणि नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये. जांबोटीच्या पुढे काजूची बाग आहे, शेवटचे चार किलोमीटर कच्चे. गाडी थार एलएक्स डिझेल फोर बाय फोर, ३८ हजार किलोमीटर झालेली, वर्षाला १४ हजार होतात. या पावसाळ्यात दोनदा अडकली. वर्कशॉपने दिलेलं कोटेशन: २८५/७० आर १७ चे (म्हणजे साधारण ३३ इंची) पाच टायर १,२०,०००, पाच अलॉय ९०,०००, दोन इंची लिफ्ट किट ४५,०००, फिटिंग आणि अलाइनमेंट १०,०००. एकूण २,६५,०००. त्यातले एक लाख पिग्मी (रोज थोडे भरायची ठेव) मोडून आणि बाकीचे १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनवर तीन वर्षांसाठी, असा त्यांचा बेत आहे. घरखर्च गाडीच्या चालू कर्जाचे हप्ते धरून महिना ४५ हजार, शिल्लक १ लाख ८० हजार, तीही सगळी एकाच क्रेडिट सोसायटीत.

माझं मत: हे काम आत्ता करू नका. तुमची अडचण खरी आहे, पण ती यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत सुटते.

तुम्ही लिहिलंय, "खाली काही टेकत नाही, चाकं जागेवरच फिरतात." सगळं उत्तर या एका वाक्यात आहे. मोठा टायर उंचीसाठी घेतात. तुमचा मूळ २५५/६५ आर १८ टायर सुमारे ७८९ मिलिमीटर व्यासाचा आहे, नवा साधारण ८३१ चा. फरक ४२ मिलिमीटर, पण मागचा अ‍ॅक्सल (चाकं जोडणारा दांडा) जमिनीपासून उचलला जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे २१ मिलिमीटर. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, मागचा अ‍ॅक्सल आणि त्यावरचं डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गोळा) तिथेच राहतात. तुमची गाडी अडकते ती पकड नसल्यामुळे. ट्रेड (टायरच्या खाचांची खोली) तीन मिलिमीटर उरला की आपली तांबडी माती खाचांत घट्ट बसते, निघत नाही, आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. त्यात हवा रस्त्यावरच्या दाबाचीच. अशा वेळी ३३ इंची टायरही झिजलेला असेल तर तसाच फिरेल.

आता पैशांचं. १,६५,००० च्या कर्जाला महिना सुमारे ५,६४० रुपये हप्ता बसेल, तीन वर्षांत व्याजच ३८ हजार. मोठ्या, जड टायरने १२ चं अ‍ॅव्हरेज साडेदहावर आलं असं धरा. वर्षाला १६५ लिटरच्या आसपास डिझेल जास्त लागेल, ९० रुपयांनी पंधरा हजार. तीन वर्षांचा हिशेब साडेतीन लाखांजवळ जातो, आणि कोटेशनमध्ये न लिहिलेल्या गोष्टी यात नाहीत.

त्या गोष्टींकडे नीट बघा, कारण पैसे तिथेच फुटतात. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात. दोन इंच उचललं की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंटचे (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर येतं आणि चिखल आत जातो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) जागेवर आणायला बहुधा वेगळे अप्पर कंट्रोल आर्म लागतात, ते तुमच्या कोटेशनमध्ये नाहीत. नव्या अलॉयचा ऑफसेट चाक बाहेर काढणारा असेल तर व्हील बेअरिंगवर भार येतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात की टायर बंपरला आणि आतल्या लायनरला घासतो. जड स्टेपनी मागच्या दाराचे बिजागर ओढते. गिअरिंग पाच टक्क्यांनी लांब होतं, चढावर हाफ क्लच जास्त होतो. आणि चोर्ला घाट उतरताना तेच ब्रेक जास्त वजनाची चाकं थांबवतात.

स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ वर असेल.

कायदा आणि विमा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल अडवतं. कलम १८२अ(४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हा केंद्राचा कायदा आहे, म्हणजे चंदगडला गेलात काय किंवा गोव्यात उतरलात काय, तोच लागू. अपघातानंतर सर्व्हेअरने न कळवलेला बदल लिहिला तर दावा अडकतो. सस्पेंशन आणि स्टेअरिंगची वॉरंटी नाकारायला कंपनीलाही कारण मिळतं. गाडीवर कर्ज चालू असताना हा धोका घेऊ नये.

त्याऐवजी मूळ मापाचेच चांगले ऑल टेरेन टायर घ्या. पाचही एकदम घ्या, कारण फोर बाय फोरमध्ये पंक्चर झाल्यावर वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून कडक रस्त्यावर ४एच मध्ये (चारही चाकं जोडून) चाललात तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. पाचांचे सत्तर हजारांच्या आसपास होतील, बेळगावात दोन-तीन दुकानांत भाव काढा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. बाजूवरचा चार अंकी तारखेचा कोड वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल परत करा. जोडीला प्रेशर गेज, १२ व्होल्टचा कंप्रेसर, अडकलेली गाडी ओढायचा रिकव्हरी स्ट्रॅप आणि तो अडकवायला वजनक्षमता कोरलेले दोन शॅकल, हे बारा-तेरा हजारांत बसतं. कच्चा रस्ता लागला की हवा २० पीएसआयवर आणा, ताशी तीसच्या आत चाला, डांबरीवर येताच दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा. एवढं केलंत तर त्या चार किलोमीटरचा बराचसा प्रश्न संपतो.

यासाठी कर्ज लागत नाही. जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तो ऑक्टोबर ते मे आठ महिने बाजूला ठेवलात तर ४५ हजार होतात. तुम्ही लिहिलेला दिवाळीचा ४० हजारांचा बोनस त्यात घाला. मिरगाच्या आधी टायर चढतील.

पिग्मीला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक ठिकाणी व्याज जातं. शिवाय एक लाख काढलात तर शिल्लक ऐंशी हजार, म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही. उद्यमबागेत ऑर्डरी कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी बंद होतो, हे तुम्हाला सांगायला नको. खरं तर टायरपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते की सगळी शिल्लक एका सोसायटीत आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. पिग्मीची मुदत संपली की निम्मी रक्कम बँकेच्या एफडीत हलवा.

गाडीचं कर्ज फिटलं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि तरीही मोठ्या चाकांची हौस राहिली, तर रोखीने करा. तेव्हा आधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा, आरटीओत विचारा, आणि वर्कशॉपकडून कंट्रोल आर्मसह, जीएसटी धरून नवं कोटेशन घ्या. मूळ चाकं मात्र बायबॅकमध्ये देऊ नका. गाडी विकताना तीच लागतील.