मानसशास्त्रज्ञाचं नामांकन करताय? रुग्णांची पत्रं जोडू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ज्यांच्या हाताखाली तुम्ही शिकलात त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम जिल्ह्याच्या गावी पंचवीस वर्षं काम करताहेत. त्यांचं नाव एखाद्या चांगल्या पुरस्कारासाठी पाठवायचं आहे. अर्ज कुठे करायचा? बऱ्या झालेल्या रुग्णांची पत्रं जमवताय, ती किती लागतील? आणि मॅडमना आधी सांगायचं की गुपचूप पाठवायचं?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याची घाई आहे. पत्रं जमवणं आजच थांबवा. ज्यांनी दिली असतील त्यांना ती परत करा आणि स्वतःकडे झेरॉक्सही ठेवू नका.

तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या बाई तुम्हाला पत्र लिहून देतात, त्या मॅडमच्या उपकाराखाली आहेत. नाही म्हणणं त्यांना जमणारच नाही. उद्या पुन्हा त्रास सुरू झाला आणि त्यांना मॅडमकडे यावंसं वाटलं, तर मध्ये ते पत्र उभं राहील. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर स्पष्टच म्हटलंय की उपचार चालू असलेल्यांकडून, किंवा ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशांकडून मानसशास्त्रज्ञाने शिफारस मागू नये. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पत्रं तुम्ही मागितलीत, मॅडमनी नाही, हे खरं. पण निवड समितीवरच्या जाणत्या माणसाला ती फाइलमध्ये दिसली, तर तो मॅडमबद्दलच शंका घेईल.

हे मी अनुभवातून सांगते आहे. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि आजवर चार जणांची नामांकनं लिहिली. पहिलं माझ्या स्वतःच्या मॅडमचं. त्या वेळी मीही तुमच्यासारखीच उत्साहात त्यांच्या घरी गेले होते. कपाटात निळ्या कापडी बांधणीची रजिस्टरं ओळीने लावलेली. मी एक काढून उघडलं, तोच त्यांनी पानावर आडवा तळहात ठेवला. म्हणाल्या, "यातली नावं तू बघायची नाहीत." मग रजिस्टर स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या आणि मला नुसते आकडे सांगत गेल्या. कोणत्या वर्षी किती मुलांची बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी घेतली, किती जणांना वाचादोषासाठी पुढे पाठवलं, किती आईबापांची बैठक झाली. मी वहीत लिहीत गेले. दोन तास हे चाललं. मध्येच एखाद्या ओळीवर त्यांचं बोट थांबायचं, त्या गप्प व्हायच्या, मग पुढच्या ओळीवर जायच्या.

मानसशास्त्रज्ञाचं नामांकन इतर कुणाच्याही नामांकनापेक्षा अवघड असतं ते यामुळेच. शल्यविशारदाच्या शस्त्रक्रिया मोजता येतात, गायकाचं गाणं ऐकवता येतं. यांचं सगळ्यात चांगलं काम बंद दाराआड झालेलं असतं आणि ते तिथेच राहिलं पाहिजे. तेव्हा शोधायचं ते दाराबाहेर काय उरलं आहे ते.

आमच्या मॅडमच्या बाबतीत शोधल्यावर पुष्कळ सापडलं. त्यांनी पालकांसाठी सोप्या मराठीत दोन पानी माहितीपत्रक केलं होतं, ते चार तालुक्यांतल्या शाळा अजून झेरॉक्स करून वाटतात. अंगणवाडी सेविकांना त्यांनी दिलेल्या प्रशिक्षणांच्या हजेऱ्या निघाल्या. त्यांच्याकडून गेलेले विद्यार्थी पुढे एम.फिल. होऊन कुठे कुठे काम करताहेत, तेही कळलं. पण सगळ्यात मोलाची गोष्ट एका लिपिकाकडून कळली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्धिमापन करायला मुलं खेड्यांतून पहाटेच्या एसटीने यायची, रांगेत ताटकळायची आणि दुपारी दोनला भुकेली, पेंगुळलेली चाचणीला बसायची. अशा मुलाचे गुण खाली येणारच. मॅडमनी गाववार तारखा लावून घेतल्या, लांबच्या गावांना सकाळचा वेळ दिला आणि चाचणीआधी मुलाने काही खाल्लंय का हे विचारायची रीत पाडली. यात कुठल्याही मुलाचं नाव नाही, पण या बाईंना आपलं शास्त्र किती कळलंय ते त्यातून दिसतं. अशी एक गोष्ट सापडली की निम्मं मानपत्र तयार झालं समजा.

माझा पहिला मसुदा मात्र वाईट होता. तो मी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि 'अथक', 'निरलस', 'समर्पित', 'ऋषितुल्य' असे शब्द एकेक करून खोडले. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आता उरलंय ते वाच." आठशे शब्दांतून शंभरेक उरले होते. घरी येऊन पुन्हा लिहिलं, तेव्हा तारखा, जागा आणि आधी काय होतं, मग काय झालं, एवढंच लिहिलं.

आता अर्ज कुठे करायचा ते. पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइनच होतो आणि कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यावं लागतं. शेवटची तारीख अनेक वर्षं १५ सप्टेंबर असायची, हल्ली ती बदलली आहे, म्हणून त्या वर्षीची सूचना बघा. मॅडम सरकारी पगारावर असतील तर आधी पात्रता तपासा: डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी कर्मचारी पद्मसाठी पात्र नसतात. क्षेत्र निवडतानाही विचार करा, कारण मानसशास्त्रज्ञ वैद्यकात, समाजकार्यात किंवा साहित्य-शिक्षणातही बसू शकतो. ज्यात तुमचा पुरावा भक्कम, ते क्षेत्र घ्या.

पण खरं सांगू का, सुरुवात पद्मपासून करू नका. एका वर्षात जास्तीत जास्त १२० (मरणोत्तर आणि परदेशस्थ वगळून), आणि त्यात सगळा देश, सगळी क्षेत्रं. शिवाय आपल्या क्षेत्रातली लोकांना माहीत असलेली नावं बहुतेक मनोविकारतज्ज्ञांची आहेत. चेन्नईच्या डॉ. शारदा मेनन यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं, कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र चालवणाऱ्या डॉ. भरत वाटवानींना २०१८ चं मॅगसेसे. दोघेही वैद्यकीय डॉक्टर. औषध न देता बोलण्यातून आणि चाचणीतून काम करणारी व्यक्ती समितीला समजावून सांगावी लागते. म्हणून मॅडम 'मानसोपचारतज्ज्ञ', 'समुपदेशक' की 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', हे पहिल्याच ओळीत नेमकं लिहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी चालू आहे ना, तेही बघा आणि तिथला सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, घाला. हा नंबर नसला की जाणकार पुढे वाचत नाहीत.

आधी व्यावसायिक संघटनांकडे जा. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स १९६८ पासून आहे, नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी १९८९ पासून. दोन्हींकडे त्या वर्षीचे नियम मागवून घ्या. सूचक सभासद लागत असेल तर मॅडमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला सभासद शोधा, मोठ्या नावामागे लागू नका. शिफारसपत्रंही सहकाऱ्यांची घ्या: बालरोगतज्ज्ञ, विशेष शाळेच्या मुख्याध्यापिका, जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ. प्रत्येकाला एकच मुद्दा वाटून द्या, नाहीतर तिन्ही पत्रं सारखीच निघतात.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून जपा. मॅडमचं नाव पाठवल्यावर महिन्याभरात मला एक फोन आला होता: राष्ट्रीय पातळीवर निवड झाली आहे, पंचतारांकित हॉटेलात समारंभ आहे, 'नोंदणी शुल्क' अमुक, जीएसटी वेगळा. आम्ही तिथे अर्जच केला नव्हता! जो पुरस्कार घेणाऱ्याकडून पैसे घेतो तो पुरस्कार नव्हे. असा एखादा परिचयपत्रात घातला तर खरे चार झाकोळतात.

नामांकनाआधी त्या व्यक्तीचं सगळं लेखन वाचा. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांची १६ पीएफ ही व्यक्तिमत्त्व चाचणी आपण सगळ्यांनी प्रॅक्टिकलला केलेली आहे. १९९७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशनने त्यांना जीवनगौरव सुवर्णपदक जाहीर केलं. त्यावर त्यांच्या वंशसुधारणेच्या जुन्या लिखाणाबद्दल जोरदार आक्षेप आले आणि पदक देणं लांबणीवर पडलं. शेवटी कॅटेल यांनीच आपलं नाव मागे घेतलं. पुढच्याच वर्षी ते वारले. तुमच्या मॅडमचं तसलं काही असेल असं मी म्हणत नाही. पण समितीला माहीत आणि सूचकाला नाही, अशी एकही गोष्ट असता कामा नये.

उशीरही करू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्यांच्याबरोबर त्यांनी ते काम केलं ते एमॉस ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. पद्मही सहसा मरणोत्तर देत नाहीत. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर खचू नका, माहिती अद्ययावत करून पुन्हा पाठवा. आमच्या मॅडमना तिसऱ्या वर्षी मिळाला.

राहिला शेवटचा प्रश्न. मॅडमना सांगाच. गुपचूप पाठवलेल्या अर्जात चुका राहतात, आणि आयुष्यभर दुसऱ्याची संमती विचारून काम केलेल्या बाईंना न विचारता त्यांचं नाव पुढे करणं मला पटत नाही. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच थांबवा. माझ्या मॅडम पहिल्यांदा नकोच म्हणाल्या होत्या. मी आग्रह केला नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला: "नावं येणार नसतील तर लिही. आणि त्या लिपिकाचं नाव मात्र घाल, तारखा त्यानेच लावून दिल्या होत्या."