हिमोफिलिया आणि डोळ्यातलं रक्त : वाचकांचे प्रश्न

रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या घरांतून एकच घोळ पुन्हा पुन्हा येतो. डोळा लाल दिसला की धावाधाव, आणि मार लागूनही वरून काही दिसत नसेल तर ‘बघू उद्या’. बहुतेक वेळा घाई नेमकी उलट जागी हवी असते.

प्रश्न : मला हिमोफिलिया आहे. सकाळी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला. दुखत नाही, दिसतंयही नीट.

मार लागलेला नसेल तर दोनेक आठवड्यांत जाईल. तरी तुमच्या हेमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांना, फोन करा. फॅक्टर (रक्त गोठवणारं, तुमच्यात कमी असलेलं प्रथिन) घ्यायचा की नाही, ते ठरवतील.

प्रश्न : गुलाबपाणी घालू की मेडिकलमधले लाली घालवायचे ड्रॉप?

दोन्ही नको. साचलेलं रक्त त्यांनी जात नाही, दुकानदाराचा गल्ला तेवढा भरतो.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, हिमोफिलिया ए. काल डोळ्यावर टेनिस बॉल बसला. बुबुळाच्या खालच्या कडेला लाल रेघ दिसते, धूसर दिसतं म्हणतो. एमिसिझुमॅब चालू आहे, म्हणून थांबलोय.

थांबू नका. हे उत्तर येईपर्यंतही थांबायला नको होतं. ती रेघ म्हणजे डोळ्याच्या आत, बुबुळापुढे साचलेलं रक्त. मूल बसलं की रक्त तळाला उतरतं, आडवं झालं की पसरतं आणि रेघ दिसेनाशी होते. मग घरचे म्हणतात, ‘गेलं हो!’ गेलेलं नसतं. पहिल्या पाचेक दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, कधी आधीपेक्षा मोठा. डोळ्याचं प्रेशर वाढून डोळ्याची नस कायमची खराब होऊ शकते.

एमिसिझुमॅब रक्तस्राव टाळण्यासाठी असतं. सुरू झालेला थांबवायला फॅक्टर लागतो. इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी, शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं) असतील तर औषधं वेगळी, आणि त्यातलं एखादं एमिसिझुमॅबसोबत घातक ठरू शकतं, म्हणून फाइल बरोबर घ्या. आधी फॅक्टर, मग स्कॅन. अपघात विभागात हे ठणकावून सांगावं लागलं तर सांगा. मुंबईच्या केईएमसारख्या सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो.

डोळा पुढे आला, पापण्या ताठ झाल्या, नजर कमी होत चालली, तर रक्त डोळ्यामागे साचतंय. तिथे तासा-दोन तासांत नजर जाऊ शकते. वाटेत डोकं उंच ठेवा, डोळ्याला न टेकेल असं कडक झाकण लावा, घट्ट पट्टी नको. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, शेजारच्या काकांनी कितीही खात्री दिली तरी.

प्रश्न : वडिलांना व्हॉन विलेब्रँड (रक्त नीट न गोठण्याचा दुसरा आजार) आहे. ‘बिनटाक्याचं, बिनरक्ताचं मोतीबिंदू ऑपरेशन, आज या, आजच घरी’ अशी जाहिरात पाहिली. करावं का?

ऑपरेशन करा, जाहिरात सोडा. फेको, म्हणजे बारीक छेदातून केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, थेंबांची भूल देऊन होऊ शकतं, मग डोळ्यामागे सुई टोचावी लागत नाही. वडिलांसाठी तेच बरं. पण आजाराचा प्रकार, रक्तातली व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी आणि रक्तविकारतज्ज्ञांचं पत्र आधी हवं. काहींना डेस्मोप्रेसिन (शरीरातला साठवलेला फॅक्टर रक्तात सोडायला लावणारं औषध) पुरतं, काहींना नाही. पॅकेजचा दर सांगणाऱ्याने यातलं काहीच विचारलं नसेल तर दुसरीकडे जा.

प्रश्न : भावाला हिमोफिलिया आहे, मला काहीच त्रास नाही. चष्म्याचा नंबर घालवायला लेसर करू का?

आधी फॅक्टरची पातळी तपासा. आजार वाहून नेणाऱ्या काही बहिणींमध्येही ती कमी निघते. रिपोर्ट घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, मग बोलू.